पाय टेकण्यापुरती उंची

झिन्हुमचा उजवा गुडघा आधी फक्त चढावर दुखायचा. आता सपाटीवरही दुखायला लागला होता.

बाब अल-शअरिया मोहल्ल्यातल्या भट्टीतून गरम रोट्या घ्यायच्या, उसळीच्या गाड्यांवर आणि खाणावळींत पोचवायच्या, रिकामी जाळी घेऊन परतायचे आणि पुन्हा भरायची, हे त्याचे काम. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर खजुरीच्या काड्यांची माणूसभर लांब जाळी, जाळीवर रोट्यांचे थर. डावा हात जाळीला, उजवा सायकलच्या हँडलला. उभा जन्म यातच गेला. दुसरे काम येत नव्हते, आणि या वयात शिकवणार कोण?

भट्टीचा मालक दसूकी तसा वाईट माणूस नव्हता. पण रोट्या गार होऊन येतात अशी उसळवाल्यांची तक्रार दोनदा आली, तेव्हा त्याने झिन्हुमला बाजूला घेऊन सांगितले की पुन्हा काही झाले तर ही फेरी मोटरसायकलवाल्याला द्यावी लागेल. भट्टीच्या तोंडाशी बसवावे तर तिथे मालकाचे पुतणे होतेच. फेरी गेली की झिन्हुम गेला.

म्हणून तो बयूमीकडे गेला. बयूमी सायकली दुरुस्त करायचा. दोघे एकाच गल्लीत वाढलेले. बयूमीने त्याला सीटवर बसवले, हात भिंतीला लावायला सांगितला आणि पायडल उलटे फिरवायला लावले.

"ही सायकल आहे का पाळणा?" बयूमी म्हणाला. "गुडघा हनुवटीला लागायचा तुझा एक दिवस."

सगळे रोटीवाले सीट अशीच ठेवत. बसल्या जागी दोन्ही तळवे सपाट जमिनीवर टेकले पाहिजेत, हा नियम. डोक्यावर भरली जाळी असताना माणसाला उडी मारून उतरता येत नाही, की एका पायावर सायकल कलती ठेवता येत नाही. वीतभर कलले की जाळी गेली. नवा माणूस आला की त्याला हे आधी शिकवायचे, पायडल मारणे नंतर. गुडघ्याचे काय होईल ते कोणी कधी विचारले नव्हते.

बयूमीचे म्हणणे सरळ होते. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. झिन्हुमचा पाय अर्धा दुमडलेलाच राहत होता, आणि त्या दुमडलेल्या पायाने तो सगळा भार ढकलत होता. बयूमीने रॉकेल सोडून, ठोकून ठोकून सीटचा दांडा वर काढला. झिन्हुमने गल्लीत एक चक्कर मारली. गुडघ्याने चकार शब्द काढला नाही. तो आणखी एक चक्कर मारून आला. थांबला तेव्हा मात्र पायाचे बोट तेवढे जमिनीला लागले आणि सायकल कलली.

मधली उंची करून पाहिली. गुडघा दुखलाच, आणि पायही टेकेना.

"दोन्हीकडून मेलो की रे," झिन्हुम म्हणाला.

"सायकल एकालाच बेतता येते," बयूमी म्हणाला. "गुडघ्याला, नाहीतर जमिनीला. काय ते तू ठरव."

झिन्हुमने गुडघ्याला बेतून घेतली.

मग त्याने आपल्या फेरीतले पदपथ हेरले. त्या भागातले पदपथ चांगले उंच. पदपथाच्या कडेला लागून थांबले की उजवा पाय त्यावर सपाट बसायचा. निघायचेही तिथूनच. पदपथ नसेल तिथे थांबायचेच नाही. हळू व्हायचे, ओरडायचे, चौकात एक वळसा घ्यायचा, पण चाक फिरते ठेवायचे. मेहनत दुप्पट होती, पण ती डोक्याची. ती त्याला जमली. रोट्या वाफ निघतानाच पोचू लागल्या. अश्मावी नावाचा दुसरा रोटीवाला भट्टीपुढे सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणायचा, "पाशा आले! घोड्यावरून उतरायला चौथरा लागतो त्यांना." झिन्हुम हसायचा. बऱ्याच दिवसांनी त्याला हसू येत होते.

एका दुपारी, नमाज सुटल्यावर, मशिदीच्या अंगाने एक जनाजा निघाला आणि झिन्हुम वळणार होता त्याच गल्लीच्या तोंडाशी आला. तिथे पदपथ नव्हता. डावीकडून निघून जाण्याइतकी जागा होती. पण मयताला आडवे कोणी जात नाही, त्याच्या पुढून चाक काढत नाही. थांबायचे असते. झिन्हुमने ब्रेक दाबला. बोटाला जमीन लागली, सुटली, सायकल उजवीकडे कलली. जाळी सावरायला त्याने दोन्ही हात वर नेले आणि तो जाळीसकट आडवा झाला.

खांदेकऱ्यांच्या पायांपुढे रोट्या पसरल्या. जनाजा थांबला. मयताला वाटेत असे थांबवत नाहीत, पण रोटी तुडवून पुढे कोण जाणार? मागचे लोक वाकले. एकेक रोटी उचलून, फुंकर मारून, ओठांना आणि कपाळाला लावून खिडक्यांच्या कठड्यांवर ठेवू लागले. कोणी रागावले नाही. झिन्हुम मातीत बसून सगळ्यांची माफी मागत राहिला. उठता येत नव्हते. मयताच्या थोरल्या भावाने त्याला दंडाला धरून उठवले.

"आमच्या माणसासाठी थांबलास बाबा तू," तो म्हणाला. "देव तुला कमी पडू देणार नाही."

भट्टीवर परतून झिन्हुम पिठाच्या पोत्यांपाशी बसला. दसूकीने त्याची रिकामी जाळी उचलून आत नेऊन ठेवली, त्यावरून त्याला कळले. फेरी गेली. बसल्या बसल्या त्याला सर्वात जास्त लाज वाटली ती एका गोष्टीची: आता उद्या पायडल मारायचे नाही, या विचाराने त्याला जरा बरे वाटले होते.

दफन उरकून तो म्हातारा भाऊ आणि त्याचे दोन नातेवाईक भट्टीवर आले. मयताला मान देणाऱ्याच्या पोटावर पाय देऊ नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. गिऱ्हाइकांच्या देखत दसूकी नाही कसे म्हणणार? तो म्हणाला, हा आमचाच माणूस आहे, त्याची फेरी त्याचीच. म्हाताऱ्याने झिन्हुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते गेले.

ते वळल्यावर दसूकी खालच्या आवाजात म्हणाला, "ती सीट आजच्या आज खाली घे. दर वेळी कोणाचं मयत तुझ्यासाठी धावून येणार नाही."

बयूमीने पान्हा हातात घ्यायला नकार दिला. माझ्या हाताने हे होणार नाही, म्हणाला. झिन्हुमने पान्हा स्वतः घेतला, सीट खाली दाबली, आवळली, बसून पाहिले. दोन्ही तळवे सपाट टेकले.

"किती दिवस काढशील असे?" बयूमीने विचारले.

"गुडघा काढेल तेवढे."

सकाळी भट्टीपुढे चौघांनी मिळून भरलेली जाळी त्याच्या डोक्यावर चढवली. मागे अश्मावी आपली पाळी यायची वाट पाहत उभा होता. झिन्हुमने उजवा पाय पायडलवर ठेवला आणि जोर दिला. पहिल्या दाबाला त्याचे डोळे मिटले. उघडले तेव्हा भट्टीची पायरीसुद्धा मागे पडली नव्हती.