परकराखालचा कॉस्च्युम

पन्नाशी ओलांडली आणि माझे गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, पोहा. पोहायला मला येत होतं. लहानपणी मामाच्या विहिरीत शिकले होते, फ्रॉक घालून. पण रत्नागिरीत आम्ही राहतो तिथल्या तरण तलावावर पाटी होती, कॉस्च्युमशिवाय पाण्यात उतरता येणार नाही.

मग घेतला. गडद निळा, गुडघ्यापर्यंत, अर्ध्या बाह्यांचा. एवढं झाकूनही आरशात जी बाई दिसली ती मला मुळीच आवडली नाही. दोन बाळंतपणांचं पोट आणि एकमेकींना न सोडणाऱ्या मांड्या. साडी किती गोष्टी पोटात घालते, हे साडी सोडल्यावर कळतं.

त्यात दुपारच्या लेडीज बॅचला, मी शाळेत शिकवते त्या वर्गातल्या दोन मुलींच्या आया. मी गाऊन घालून काठापर्यंत जायची, तो कठड्यावर टाकायची आणि झटक्यात गळ्यापर्यंत पाण्यात. पोहताना छान वाटायचं, अगदी खरं सांगते, गुडघे आहेत हेच विसरायला व्हायचं. पंचाईत व्हायची ती बाहेर येताना. सगळ्या बायका निघून जाईपर्यंत मी पाण्यातच थांबायची. बोटं सुरकुतायची, पण मी हलायची नाही.

घरी आल्यावर वाळत घालायचा प्रश्न. आम्हा बायकांना न शिकवता येणारी एक विद्या असते : आतले कपडे दोरीवर घालायचे आणि वरून परकर पसरायचा. कॉस्च्युमवर मी परकर घातला आणि परकरावर टॉवेल, तोही मागच्या पडवीत. आमच्याकडची दमट हवा, त्यात तो जाड कपडा. वाळणार कसा? रोज ओलाच अंगात चढवायचा. तिसऱ्या आठवड्यात त्याला कुबट वास यायला लागला आणि माझ्या काखेत पुरळ उठलं. मला आयतं कारण मिळालं. नवऱ्याला म्हटलं, "पाणी सोसत नाही मला. बंद करते." वाईट वाटत होतं, पण सुटल्यासारखंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परत येताना लांबूनच दिसलं. पुढच्या अंगणात, रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर, चार चिमटे लावून माझा कॉस्च्युम भर उन्हात डोलत होता. त्याच्याखाली पायरीवर माझ्या सासूबाई, आणि मासळीवालीशी त्यांचं बांगड्यांवरून चाललेलं.

मासळीवाली गेल्यावर मी भडकले. "आई, तुम्ही हा इथे का घातलात? येणारे-जाणारे बघतात."

"त्याला ऊन नको काय गो?" त्या म्हणाल्या. "वास मारत होता. धुतला नि घातला. परकराखाली कशाला? चोरून आणलायस काय?"

"मासळीवालीनं विचारलं असेल."

"इचारलान ना. सांगितलं, माझ्या सुनेचा हाय, पवायचा."

माझा चेहरा त्यांनी पाहिला. मग बांगडे साफ करता करता सांगायला लागल्या. त्यांचं माहेर देवरूखच्या बाजूचं. वाळका भोपळा कमरेला बांधून नदीच्या डोहात पोहायला शिकल्या. भावांपेक्षा लांब जायच्या. लग्न झालं, तेही नदीकाठच्याच घरात. "चाळीस वर्सा त्या नदीवर कापडा धुतली," त्या म्हणाल्या. "गुडघाभर पाण्यात उभी ऱ्हायले. बुडी एक नाय मारली. लोक काय म्हणतील."

माझा सगळा राग मावळला. बांगड्यांचं टोपलं उचलून मी आत नेलं.

त्या दुपारी मी त्यांना बरोबर घेऊन गेले. त्या काठावरच्या बाकावर बसल्या. मी गाऊन घरीच ठेवला होता. कपडे बदलायच्या खोलीपासून पाण्यापर्यंतची पंधरा-वीस पावलं मी चालत गेले, पोट आत न ओढता. पुरळ होतं, ते झोंबलं. बाकी काहीही झालं नाही. त्या दोन आयांपैकी एकीनं "या मॅडम" म्हटलं, एवढंच.

मग मध्येच सासूबाईंनी हात केला. मला वाटलं, त्यांना बरं वाटत नाही. मी घाईनं बाहेर आले, तशीच निथळत, सगळ्यांसमोरून त्यांच्यापर्यंत.

"काय झालं, आई?"

त्यांनी माझ्या बाहीचा ओला कपडा चिमटीत धरून ताणून पाहिला.

"ह्यो माझ्या मापाचा मिळतो काय गो?"

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी टेप घेऊन त्यांचं माप घेतलं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई लहान मुलीसारखी दोन्ही हात वर करून उभी होती. मी कमरेचा आकडा वाचला, तर म्हणाल्या, "जरा सैल घे हां. मला हातपाय मोकळे लागतत."