आखूड पायाची शिडी

आमचे मामा दुकानांच्या पाट्या रंगवतात. अक्षर ठळक, उजवीकडे झुकलेलं. कुठे वेलबुट्टी नाही की टोकाला मिशी नाही. टायरच्या दुकानाला ते शोभतं. पण दाताच्या डॉक्टरांची पाटीही तशीच, आणि वाचनालयातलं 'शांतता राखा' तर असं झुकलंय की वाचणाऱ्याने पुस्तक टाकून पळत सुटावं. कुणी कुरकुर केली की मामा ऐकवत, अक्षर धावतं दिसलं की धंदा धावतो. तीस वर्षं ऐकून बाजाराला ते पटलं होतं. मामांना तर पहिल्या दिवसापासूनच पटलेलं होतं.

खरं कारण शिडी होती. तिचा उजवा पाय चार बोटं आखूड. रेघा मामा सुताने मारत, म्हणून त्या सरळ. अक्षरं मात्र मामा शिडीवर ज्या अंगाला कलत त्याच अंगाला कलत. मामीला हे ठाऊक होतं, कारण शिडी तीच धरायची. पण तिने कधी अवाक्षर काढलं नाही.

मग छापायच्या अक्षरांचे टाइप बनवणाऱ्या एका कंपनीचं पत्र आलं. मामांच्या वळणाचा टाइप त्यांना काढायचा होता, जाहिरातींसाठी आणि मोठमोठ्या पाट्यांसाठी. शुक्रवारी ते येणार आणि मामांना भिंतीवर सगळी मुळाक्षरं काढताना बघणार. मामांनी ते पत्र इतक्या जणांना दाखवलं की ते घडीवर फाटलं. जन्मभर लोक त्यांना पेंटर म्हणत आले होते. त्या पत्रात 'कलाकार' लिहिलं होतं.

मामीला भलतीच काळजी लागली. पाहुण्यांसमोर नवरा पडायला नको, या एकाच धास्तीत अक्षरांचं कलणं विसरून तिने सुताराकडून शिडीच्या पायाला तुकडा जोडून घेतला. गुरुवारी मामा सरावाला चढले आणि 'अ' निघाला तो खांबासारखा ताठ. 'क' तसाच. मामांनी मान वाकडी केली, कंबर वाकडी केली, शेवटी ब्रशही तिरका धरून पाहिला. अक्षरं आपली शिस्तीत उभी. ते खाली उतरून पायरीवर बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

"हात गेला गं माझा," ते मामीला म्हणाले.

मामीने चष्मा लावला, आतून करवत आणली आणि नवा तुकडा कापून टाकला. मामांनी शिडीच्या पायाकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग मामीकडे.

"म्हणजे इतकी वर्षं..."

"चढा आता," मामी म्हणाली. "मी धरलीय."

शुक्रवारी सगळी मुळाक्षरं झोकात झुकली. पाहुण्यांनी कलण्यामागचा विचार विचारला, तेव्हा धंदा धावण्याचं भाषण काही मामांच्या तोंडून निघेना. सवय आहे, एवढंच म्हणाले. पाहुण्यांनी तेही आदराने टिपून घेतलं. टाइपला नाव काय द्यायचं, असं विचारल्यावर मामा स्वतःचंच सांगतील अशी माझी खात्री होती. ते म्हणाले, शिडी.

काही महिन्यांनी कंपनीची गुळगुळीत पुस्तिका आली. त्यात छापलं होतं की शिडी हे प्रगतीचं प्रतीक असून, कलाकाराच्या गतीविषयीच्या तीस वर्षांच्या चिंतनातून हा टाइप जन्मला आहे. मामी हसून हसून बेजार झाली. मामा हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल घेतली आणि त्या मजकुराखाली एक ओळ लिहिली: 'शिडी धरणारी, माझी बायको.'

टेबलाशी बसून लिहिल्यामुळे अक्षरं अगदी सरळ आली आहेत.