आईने दळून दिलेली हळद

लहान भाऊ मॉरिशसच्या कापड गिरणीत नोकरीला लागला आणि तिथल्याच मराठी घरात त्याचं लग्न ठरलं. "माय-बाबांना विमान झेपायचं नाही," म्हणत त्याने तिकीट माझं एकटीचंच पाठवलं. आईने सुरतेतल्या आमच्या नवागामच्या खोलीत शेजारच्या सवाष्णी बोलावून जात्यावर हळद दळली. "मन्हा हातनी हयद शे, बेटा. पहिले हाईच लावजो."

समुद्रकाठच्या मांडवात मी करवलीच्या तोऱ्यात आईच्या हळदीची पुरचुंडी सोडली, तर नवरीची मावशी गहिवरून म्हणाली, "थांब पोरी, पहिली हळद मी लावते. बिनआईचं लेकरू आहे तुझा भाऊ."

मी भावाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. "ताई, इथे तमाशा नको."

घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी, मला कसली लाज? "आमची आई जिवंत आहे. सुरतेत लूमवर बॉबिन भरते," मी मोठ्याने म्हणाले आणि हळद लावली.  निघताना भाऊ मला सोडायलाही आला नाही.

सुरतेला पोचले तर आई दारातच उभी. "त्याले मन्ही याद उनी का?"

सगळ्या मांडवाला खरं ऐकवून आलेली मी, तिला 'हो' म्हणाले.