सटवाईची वही

आमची पोरगी सातव्याच महिन्यात बाहेर आली. वजन अकराशे ग्रॅम. आमच्या माकणीला एवढ्या वजनाचा भोपळासुद्धा कुणी तोडत नाही, अजून वाढू दे म्हणतात. धाराशिवच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि डॉक्टर म्हणाले, अठराशे झाली की घरी न्या. महिना लागेल, दीड महिना लागेल, मध्ये काय होईल ते आज सांगता येत नाही. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार?

त्या खोलीत फक्त आईला सोडायचे. तेही चप्पल बाहेर, बांगड्या बाहेर, मोबाईल बाहेर, आणि हात कोपरापर्यंत धुऊन. त्यामुळं फोटो नाही, काही नाही. पोरगी कशी आहे हे जगात ठाऊक असलेली बाई मी एकटी. नवरा दिवसाआड एसटीनं यायचा आणि मोंढ्यात सोयाबीनचा भाव विचारावा तसं विचारायचा, "आज किती?" वीस ग्रॅम चढली असली की हा चहा पाजायचा. दहा उतरली की माझ्याकडं अशा नजरेनं बघायचा, जणू ते दहा ग्रॅम मीच खाल्ले.

सासूबाई मात्र हलल्याच नाहीत. त्यांना मी आत्या म्हणते. व्हरांड्यात सतरंजी टाकून त्यांनी पहिल्या दिवशीच मुक्काम ठोकला. नातीचं तोंड अजून बघायला मिळालं नव्हतं, पण त्यांना घोर लागला होता तो पाचवीचा. आमच्यात पाचव्या दिवशी सटवाई पुजतात. पाटावर कोरी वही आणि पेन ठेवायचं. रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते.

"सिस्टर म्हनती, आत वही न्यायची न्हाय," आत्या रडवेल्या झाल्या. "आता गं?"

माझे टाके ठणकत होते, दूध येत नव्हतं, आणि ह्यांना वहीची पडलेली. मी खेकसलेच. "आत्या, आत फक्त आईला सोडतात. सटवाई आली तरी तिला दारातनंच परत पाठवतील."

मला वाटलं, आता ह्या रुसणार. तर त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजी पोरीचं अजून काईच लिवल्यालं न्हाय म्हन की!"

मग त्यांनी ती कोरी वही, लाल पुठ्ठ्याची, वॉर्डात माझ्या खाटेवर उशाला ठेवली. पोरगी पेटीतनं बाहेर आली की सटवाईनं तिथं निवांत बसून लिहावं, असं ठरलं. तोवर वहीला कुणी बोट लावायचं नाही.

बोट मीच लावलं. सिस्टरनं सांगितलं होतं, दूध किती वाजता, किती मिली, लिहून ठेवा. कागद हाताशी नव्हता. म्हटलं, मागच्या पानावर लिहू. पण लिहिता लिहिता हात थांबेना. पेटीजवळ उभी राहिले की केवढं काय काय दिसायचं, आणि बाहेर आले की निम्मं विसरायचे. फोटो नाही तर नाही, वही तर आहे! म्हणून लिहीत सुटले. "आज जांभई दिली. अगदी बापासारखी, घर गिळायला निघाल्यागत." "डाव्या पायाच्या करंगळीचं नख ज्वारीच्या कोंड्याएवढं." "टोपी घातली की रडते. स्वभाव माझा." चार दिवसांत आठ पानं झाली, आणि मागून नाही, पुढून.

पाचव्या दिवशी मी दूध देऊन परत आले, तर माझ्या खाटेभोवती बायकांची ही गर्दी. वहीवर हळदीकुंकू. एका बाईनं तर केळं ठेवलेलं. आत्या हात जोडून उभ्या, डोळ्यांतनं धारा.

"आली गं माय! आठ पानं लिवून गेली!"

आत्यांना वाचता येत नाही. त्यांनी उशी सारखी करताना वही उघडली आणि अक्षरं बघून अख्खा व्हरांडा गोळा केला. मी काही बोलायच्या आत शेजारच्या खाटेवरची, तामलवाडीची बाळंतीण, चांगली बारावी शिकलेली, मोठ्यानं वाचायला लागली.

"अकरा वाजता चार मिली. शी पिवळी, घट्ट."

एकीनं जोडलेले हात खाली घेतले.

"नशिबात शी कशापायी लिवील सटवाई?" आत्यांनी विचारलं. मग त्यांनी सावकाश माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घातली.

त्या दिवशी त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. देवीच्या वहीत लिहिलं, पोरीच्या नशिबावर रेघोट्या मारल्या, हे त्यांनी मला सोडून व्हरांड्यातल्या प्रत्येकीला सांगितलं. केळंही त्यांनीच खाल्लं. मलाही भीती वाटली, खोटं कशाला बोलू? शिकलीसवरलेली असले तरी त्या पेटीपुढं उभी राहिले की माझं शिक्षण चपलांबरोबर बाहेरच राहायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या खाटेच्या कडेला येऊन बसल्या. भिंतीकडं बघत म्हणाल्या, "टोपीचं काय लिवलंय म्हनं? वाच की."

मी वाचलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "स्वभाव तुजा? माजा हाय त्यो."

तेव्हापासून रोज दुपारी वाचन. सगळ्या बाळंतिणी ऐकायला यायच्या. आत्या मध्येच दुरुस्त्या सांगायच्या, जणू आत जाऊन बघून आल्यात. पोरगी हळूहळू तेराशे झाली, पावणेचौदाशे झाली. नवऱ्यानं दोनदा चहा पाजला.

आणि एका सकाळी ती दूध पिईना. अंग थंड लागायला लागलं. मध्येच श्वास घ्यायची विसरायची, सिस्टर टिचकी मारून आठवण करून द्यायची. डॉक्टर म्हणाले, जंतुसंसर्ग दिसतोय. दूध बंद, सलाईन सुरू. दोन-तीन दिवस काहीच सांगता येणार नाही.

दोन दिवस मी वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आत्या आल्या.

"वही काड."

"काय लिहू, आत्या? पडून आहे ती. हलतसुद्धा नाही," मी ओरडलेच. "लिहू दे आता तुमच्या सटवाईलाच."

आत्या जवळ सरकल्या. "येडी का काय तू? कोरी पानं दिसली तर लिवून जाईल की ती कायबी! जागाच ठिवायची न्हाय तिला. लिव म्या सांगते तसं."

मी पेन उचललं.

"लिव. येक वर्साची झाली, चालाया लागली. दोन वर्साची झाली, आजाचा चष्मा फोडला." त्या बोटांवर मोजत सांगत होत्या. "सहा वर्साची, शाळंत गेली. गणितात मार्क कमी पडले. पडू दे. घरात कुनाला येतंय गणित?"

तामलवाडीची म्हणाली, "बारावी पास लिहा की."

"पंदरावी लिव!" आत्या म्हणाल्या. "नोकरी लागली. मंग लगीन, आदी न्हाय. जावई निर्वेसनी. सासू बरी मिळाली." इथं त्यांनी माझ्याकडं जरा बघितलं. "माज्यापरीस बरी."

मला हसू आलं आणि अक्षर डोळ्यातल्या पाण्यानं फिसकटलं. मी लिहीत राहिले. पोरीला दोन लेकरं झाली. तिनं घर बांधलं, वर पत्रे नाहीत, स्लॅब. चाळिशीत जरा जाड झाली, ते आत्यांनी दोनदा लिहायला लावलं. साठीला गुडघे धरले, पण सुनेनं तेल लावलं. मी पान उलटलं तर पुढं नुसता लाल पुठ्ठा.

"आत्या, पानं संपली."

"किती वर्साची झाली?"

"बासष्ट."

"बासष्ट? येवडं बारीक वय?" आत्या भडकल्या. "जा, दुसरी वही आन!"

मी टाके धरत गेटबाहेरच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, शंभर पानी का दोनशे? मी म्हटलं, दोनशे. वर आले तर सिस्टर दारात उभी राहून माझ्याच खाटेच्या नंबरानं हाका मारत होती.

"अहो, कुठं फिरताय? बाळ बोट चोखतंय. डॉक्टरांनी दूध सुरू करायला सांगितलंय, दोन मिली. चला लवकर!"

मी तिथंच उभी राहिले, हातात वही घेऊन. आत्यांनी माझ्या हातातली वही ओढून घेतली आणि मला दाराकडं ढकललं.

"जा, आदी दूद दे," त्या म्हणाल्या. "त्रेसष्टावं मागनं लिवू."