तंबाखूचा वण

माझ्या डाव्या दंडावर देवी काढल्याचे, म्हणजे देवीची लस टोचल्याचे, चार वण आहेत, आणि चिकोडी तालुक्यातल्या निम्म्या गावांनी ते पाहिले आहेत. आप्पा देवी काढायच्या खात्यात इन्स्पेक्टर होते. लोक त्यांना देवीडॉक्टर म्हणत. मी बेळगावात कॅम्पातल्या इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात राहायची, आणि नाताळच्या सुट्टीत घरी आले की आप्पा मला गाडीत घालून फिरतीवर नेत. चावडीपुढे बायका पोरं कडेवर घेऊन लांबच उभ्या राहिल्या की ते मला पुढे बोलवत, पोलक्याची बाही वर करत आणि म्हणत, "ही माझी पोरगी. हिलाबी काढल्यात. बघा, कशी धडधाकट हाय." बायका बघत. त्यांच्या मागचे पुरुषही बघत. मी खाली मातीकडे बघायची. "हे मला नको" असं इंग्रजीत मला नीट म्हणता आलं असतं, पण आप्पांशी मी इंग्रजी बोलत नसे.

मी मॅट्रिकच्या वर्गात असताना निपाणीजवळच्या एका खेड्यात देवीची साथ आली. तंबाखूचा हंगाम होता. अंगणाअंगणात पानं वाळत घातलेली, आणि हवेत तंबाखूचा असा खकाणा की बोलता बोलता शिंक यावी. एका जैन शेतकऱ्याच्या घरापुढे आप्पा थांबले. शेजारच्या दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले होते, म्हणजे तिथं रोगी होता. आणि या घरात एक तान्हा मुलगा होता, अजून न टोचलेला. त्याला घेऊन त्याची आई उंबऱ्यातच उभी होती.

आप्पांनी माझी बाही वर केली.

"ह्या खेपेला न्हाय, सायेब," ती म्हणाली. "एकदा दिली हुती पोर तुमच्या खात्याला."

तिनं आत वळून कानडीत हाक मारली. माझ्याच वयाची एक मुलगी बाहेर आली. तिचे हात पानांच्या चिकानं काळपट झाले होते. चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला, एक डोळा पांढरा. आईनं तिचा दंड उघडा करून माझ्या दंडाला लावला.

"दोगींच्याबी हातावर हाय न्हवं? मग हिला का आल्या?"

आमचे दंड एकमेकांना टेकले होते, त्यामुळे मला इच्छा नसतानाही दिसलं. माझे वण खोलगट होते, त्यांच्या तळाशी सुईनं टोचल्यासारखे बारीक ठिपके होते. तिचा वण सपाट आणि चकचकीत होता, कडेनं ओढलेला. आप्पांनी त्यावर अंगठा फिरवला.

"टोचल्यावर वर काय लावलं हुतं?"

उत्तर भिंतीला टेकून बसलेल्या आजीनं, त्या आईच्या सासूनं, दिलं. "काय लावायचं? तंबाखू. कापलं, खुपलं तर आमी दुसरं काय लावतूय? चुरा चुन्यात मळला आन् दाबला."

"मग लस तिथंच मेली. अंगापतोर पोचलीच न्हाय. हा वण चुन्यानं भाजल्याचा हाय."

"आन् खपली बघून 'झ्याक उठलंय' म्हणून सांगून कोण गेलतं?" आईनं विचारलं.

आप्पांनी मुलीच्या दंडावरचा अंगठा काढून घेतला.

"तुमीच आलता. तवा मिशा काळ्या हुत्या."

मागं कुणीतरी हसलं. आप्पांचे कान लाल झाले. असं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही पाहायला नको होतं असं वाटलं. "मीच असणार," ते म्हणाले. "चुकलं माझं." त्या मुलीकडे मात्र त्यांना बघता येईना. मलाही येईना. आम्ही दोघं, बाप-लेक, तिच्या अंगणात खाली माना घालून उभे होतो.

तरी लेकराला टोचायलाच हवं होतं. रोग भिंतीपलीकडे होता. आईनं शेवटी अट घातली, "आदी तुमच्या पोरीला. ह्याच नळीतलं."

सगळ्यांसमोर आप्पांनी मला पुन्हा टोचलं, मग बाळाला. लस वाळेपर्यंत त्या मोठ्या मुलीनं भावाचा हात धरून ठेवला आणि आजीला जवळ येऊ दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात तपासायला गेलो तेव्हा बाळाच्या दंडावर टपोरा फोड होता. अंगात कणकण होती आणि ते किरकिरत होतं. माझ्या दंडावर दोन दिवस लाली आली होती, खाज सुटली होती, आणि तेवढ्यावर सगळं बसलं होतं. बायकांनी माझा हात उलटासुलटा करून पाहिला.

"पोरीला नुसतं पाणी लावलंन," एक म्हणाली. "आपल्या लेकराला खरं, तिला खोटं."

"बापच हाय शेवटी," दुसरी म्हणाली.

त्या अंगणात आता त्यांचा शब्द कुणी धरला नसता. मग मीच बोलले. माझं मराठी पुस्तकी, आवाज बारीक.

"गोदामावर नवा राखणदार ठेवला तर चोर कोण हे कळायला त्याला वेळ लागतो. तोवर चोर आत शिरून धुडगूस घालतो. बाळाच्या हातावर ते चाललंय. माझ्या अंगातला राखणदार जुना आहे. त्यानं चोराला ओळखलं आणि दारातच धरलं."

"आन् हिचा?" आईनं थोरलीकडे बोट केलं.

"हिच्या राखणदाराला चोर कुणी दाखवलाच नव्हता. वण होता, ओळख नव्हती."

थोरली पहिल्यांदाच बोलली. "आता हाय न्हवं वळख?"

"आता माझ्यापेक्षा पक्की आहे."

"लई महाग पडली," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "मग वळख तेवढीच द्यायची. फोड न्हाय, ताप न्हाय. असं तुमास्नी करता येत न्हाय व्हय?"

ती मला 'तुमी' म्हणत होती, आणि आम्ही एका वयाच्या होतो.

आता मी डॉक्टरकी शिकते आहे. मागच्या महिन्यात वर्गात घटसर्पाची लस शिकवली. त्या रोगात माणूस दगावतो तो जंतूच्या विषानं, आणि वाचतो तो शरीरानं त्या विषावर तयार केलेल्या उताऱ्यानं. हे आधी कळलं, म्हणून मग विषाचा दंश काढून टाकून त्याची ओळख तेवढी ठेवता आली. मुलं भराभर लिहून घेत होती. माझे कान तापले होते. हा प्रश्न मला एका अंगणात कुणीतरी विचारला होता. त्याचं उत्तर, निदान एका रोगापुरतं, आलेलं होतं, आणि तिच्या चेहऱ्याला त्याचा काही उपयोग नव्हता. देवीसाठी आपण अजूनही कातडी खरवडतोच आहोत.

त्या दिवशी तिच्या अंगणात मी "माहीत नाही" एवढंच म्हणाले.

"मग बघा की. शिकताय न्हवं?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

तिच्या आईनं बाळाचा फोड पुन्हा एकदा निरखला, मग कुंपणापलीकडे तोंड करून जावेला हाक मारली. "आण गं तुजं पोरगं. आन् येताना हात धू, तंबाखूचा हाय."