अडीच फूट चढण्यासाठी

मी बोलका माणूस नाही. डहाणूला घरी बायको म्हणते, तुमच्यापेक्षा भिंत बरी, निदान तिच्यावर खिळा तरी ठोकता येतो. तेव्हा हे सांगायला मला सहा वर्षं लागली, यात आश्चर्य नाही.

मी अभियंता आहे. तलासरीच्या बाजूला एका गावात ग्रामपंचायतीचं नवं ऑफिस उभं राहिलं, त्याचा पूर्णत्वाचा दाखला माझ्या सहीने गेला. जोतं अडीच फूट उंच. पायऱ्यांशेजारी रॅम्प हवा, तसा तो होता; पण आठ फूट लांबीचा. नियम साधा आहे. एक इंच चढायचं तर बारा इंच लांबी द्यायची. म्हणजे अडीच फुटांना तीस फूट. इथे आठ फुटांवर ध्वजस्तंभाचा चौथरा आडवा येत होता, आणि ध्वजस्तंभ हलवा म्हणायची छाती ना ठेकेदाराची होती ना माझी. फॉर्मवर रकाना होता : रॅम्प आहे / नाही. मी ‘आहे’वर खूण केली. फोटो समोरून काढला. समोरच्या फोटोत उतार कळत नाही, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं.

रॅम्प अगदीच वाया गेला असं नाही. शाळा सुटली की पोरं त्यावरून घसरत. किनाऱ्यावरच्या वरोर गावाहून सुके बोंबील विकायला येणारी मावशी त्याच्या पायथ्याशी टोपली मांडून बसे. मी जाता-येता बघायचो आणि मान वळवायचो.

मग पाड्यावरची एक ताई सदस्य म्हणून निवडून आली. लहानपणी पोलिओने तिचे दोन्ही पाय गेलेले. शिवणकाम करते, चाकाच्या खुर्चीवरून स्वतःच्या हातांनी गावभर फिरते, आणि जीभ तिच्या कात्रीहून धारदार. तिच्या पहिल्या मासिक सभेच्या दिवशी मी दुसऱ्याच कामासाठी तिथे गेलो होतो. चौघांनी तिला खुर्चीसकट उचललं.

“हळू रे! लग्नात कोणी उचललं नाही, आता कुठे हौस फिटतेय, तर पाडाल.”

सगळे हसले. वर टेकवल्यावर मात्र तिने पोटरीपर्यंत सरकलेली साडी गुपचूप खाली ओढली. ते मी पाहिलं.

“पुढच्या सभेला मी माझी मी येणार,” ती म्हणाली. “नाही जमलं तर खाली अंगणात बसेन. तुम्ही सगळे खाली या, तिथे घेऊ सभा. हा डोंगर बांधला कोणी पण?”

“ठेकेदाराने,” ग्रामसेवक म्हणाले.

मी चहा पीत होतो. पीतच राहिलो.

चार दिवसांनी पाड्यावर तिच्या घरी गेलो. ती मशीनवर होती. उभ्याउभ्याच बोललो, बसलो असतो तर पुन्हा गप्प झालो असतो.

“ताई, त्या रॅम्पवर सही माझी आहे. चुकून नाही केली. माहीत असून केली.”

तिने दाताने दोरा तोडला. “चढलात कधी त्याच्यावर?”

“कितीदा तरी.”

“पायांनी नाही हो साहेब. बसून.”

अर्ध्या तासात आम्ही ऑफिससमोर होतो. ती पायरीवर बसली आणि मला म्हणाली, “बसा आता माझ्या गाडीत.” मी बसलो. चाकांना एक जोर दिला, दुसरा दिला. पुढची चाकं हवेत उठली आणि मी उलटा घरंगळत थेट बोंबलांच्या टोपलीवर.

“मेल्या, साहेब असशील तुझ्या हापिसात!” मावशी ओरडली. “माझ्या बोंबलांचा चुरा केलास!”

ताई हसता हसता पायरीवर आडवी झाली. शर्टाला बोंबलांचा वास, कोपर सोललेलं, आणि मीही हसत होतो. इतक्या मोठ्याने मी शेवटचा कधी हसलो होतो, आठवत नाही.

तिथेच जमिनीवर खडूने आखणी केली. रॅम्प भिंतीलगत पंधरा फूट न्यायचा, वळणावर सपाट जागा सोडायची, पंधरा फूट परत आणायचा. ध्वजस्तंभ जागच्या जागी. सहा वर्षांपूर्वी हे सुचायला पाव तास पुरला असता. तो पाव तास मी दिला नाही, एवढाच माझा गुन्हा, आणि तो लहान नाही.

दुरुस्तीच्या कामात हा नवा रॅम्प बसवून घेतला. गवंडी गुजरातेतल्या उंबरगावकडचा, हात सोन्याचा. सदस्यबाईंसाठी काम आहे म्हटल्यावर त्याने वरचा थर घोटून घोटून असा चमकवला की त्यात तोंड दिसावं.

“जुओ साहेब, काच जेवुं!” काचेसारखं झालंय, बघा, म्हणे.

खडबडीत ठेव, हे सांगायचं मी विसरलो होतो. तेवढ्यात ताई आली.

“छान आहे. हा मला चढायला, की पोरांना घसरायला?”

गवंड्याचा चेहरा उतरला. सिमेंट अजून ओलं होतं. तिच्याबरोबर आलेल्या पाड्यावरच्या बायकांनी मग वाट पाहिली नाही. घर सारवणाऱ्या त्या बाया, ओल्या जमिनीवर रेघा कशा उठवायच्या हे त्यांना मी काय शिकवणार? शिंदीचे झाडू आणले आणि खालपासून वरपर्यंत आडव्या रेघा ओढत गेल्या. एकीची रेघ वाकडी गेली की बाकीच्या तिची टर उडवायच्या. गवंडी कपाळाला हात लावून बसला होता, “मारी फिनिशिंग गई!” शेवटी त्यानेच झाडू हिसकावून घेतला आणि वळणावरच्या रेघा स्वतः ओढल्या. नंतर त्यावर ओली पोती पसरली, रोज पाणी मारलं.

सभेच्या दिवशी सगळे दारात उभे. एकाचा हात सवयीने खुर्चीकडे गेला.

“हात लावून तर बघ!”

ती निघाली. सावकाश, एकसारखी. वळणावर थांबली, श्वास घेतला, खुर्ची फिरवली. दुसरा टप्पा तिने त्याहून लवकर संपवला. दारात पोचली, आत एक नजर टाकली, आणि खुर्ची वळवून पुन्हा खाली निघाली.

“अगं ताई, काय झालं?” सरपंचबाई घाबरल्या. “कोरम झालाय, चल ना!”

“आले, आले. अजून एकदा.”

‘अजून एकदा’ तीनदा झालं. सभा खोळंबली, कोणी तक्रार केली नाही. मावशी तर खालून मोठ्याने फेऱ्या मोजत होती.

मला तिने माफ केलं का, ते मी विचारलं नाही. चौथ्यांदा वर आली तेव्हा ती घामाने निथळत होती. माझ्याजवळ थांबून म्हणाली, “वळणावरचा कठडा खाली घ्या. माझा हात पोचत नाही तिथे.”

“उद्या करतो, ताई.”

“आज,” ती म्हणाली, आणि सभेत शिरली.