हॉलमधून शेतावर

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी, पेणसारख्या शांत गावात, माझ्यावर घोर अन्याय झाला. माझ्या ऑफिसच्या खुर्चीची चाकं कोणीतरी काढून नेली.

यात गंभीर काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी घरून काम केलेलं नाही. त्या चाकांवर माझा संसार चालला होता... टेबलापासून फ्रीज, फ्रीजपासून दार. कुरियरवाला आला तरी बसल्या बसल्या सही, आणि भिंतीला पायाने एक रेटा दिला की थेट गॅसपाशी.

संशयित दोनच. नवरा डोलवीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आला होता आणि जरा जास्तच गाढ झोपला होता. सासूबाई पलंगावर बसून भिजवलेले वाल सोलत होत्या, चेहऱ्यावर संतपण.

सासूबाई रोह्याच्या पुढच्या एका गावात एकट्या राहतात. श्रावणात ओल्या अंगणात पाय घसरला, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या आमच्याकडे आल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज घरातल्या घरात चाला. वॉकर सुटून जिना चढता आला तरच गावी जायचं. त्यांच्या घराचं जोतं कमरेएवढं उंच आहे. पायऱ्या चढता आल्या नाहीत तर घर बाहेरूनच बघायचं.

पण त्या चालत नव्हत्या. दोन पावलं टाकायच्या आणि "दुखतंय गो" म्हणून बसायच्या. मी बसल्या बसल्या मागे मागे खुर्ची सरकवत "आई, हालचाल फार महत्त्वाची" असं मार्गदर्शन करायचे. तेव्हा मला यात विनोदी काहीच दिसलं नव्हतं.

"आई, चाकं कुठायत?"

"माझ्याजवळ हायत. उशाखाली पिशवीत. तुझ्या नवऱ्यानंच उपसून दिली."

"मला काम असतं हो."

"मग कर की. कोण नाय म्हणतंय? पन उठशील तेव्हा पायांनी ऊठ. म्हातारीला चालवतेस आणि स्वतः गाडीत? तू चाललीस तर मी चालेन. नायतर नाय."

निघालो दोघी. हॉल, पॅसेज, गॅलरी आणि परत... त्याच भिंती, तेच कॅलेंडर. थोड्याच वेळात त्या वैतागून उभ्या राहिल्या. मला वाटलं, झालं, संपली मोहीम.

तर त्यांनीच तोडगा काढला. सोफा म्हणजे घर. बाथरूमपुढची कायम ओली फरशी म्हणजे ओढा. गॅलरी म्हणजे शेत. "चल गो, शेतावर जाऊन येऊ," म्हणत वॉकर पुढे टाकला.

त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही शेतावर. वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांचं पाणी आमच्या गॅलरीत गळतं. ते पाहून "बांध फुटलाय, कोणाचं लक्ष हाय का" असा वरच्यांचा उद्धार व्हायचा. वाटेत फ्रीज लागायचा, तिथे थांबायला मला बंदी. "वाटेतली दुकानं बघत बसू नको!"

मीही ऐकून घेणाऱ्यांतली नाही. एकदा म्हटलं, "आई, तुमच्या शेताला एसटी नाही का जात?"

"जायची. तिची चाकं काढली."

हळूहळू वॉकर गेला, काठी आली. माझी कंबर, जिच्यासाठी मी महागातली उशी मागवली होती, तीसुद्धा कुरकुर करायची थांबली... पण हे मी त्यांना सांगितलं नाही. विजयी माणसाला फार माहिती देऊ नये.

इकडे गावाहून फोन येऊ लागले. कापणी लागली होती, मग भात झोडायचं, मग वाल पेरायचे. शेजारी करतील सगळं, पण फोन ठेवला की सासूबाई लगेच एक जास्तीची फेरी घालायच्या.

मग जिन्याचा दिवस उजाडला. पहिल्याच पायरीशी त्या थांबल्या. इतक्या दिवसांत त्यांना घाबरलेलं मी प्रथमच पाहिलं.

"पडले तर गो?"

"तर काय... आणखी सहा महिने माझ्या हातचं जेवायचं."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मग नाय पडत," म्हणाल्या आणि पाऊल वर ठेवलं.

एक मजला चढलो. वर पोचल्यावर धाप कोणाला लागली होती ते मी इथे लिहिणार नाही. वरच्या वहिनी पाणी घेऊन आल्या आणि तांब्या त्यांनी माझ्या हातात दिला, एवढं पुरे.

काल त्या गावी गेल्या. सकाळी नेमकी माझी मीटिंग. मी हेडफोन लावून बसलेली आणि सासूबाई एकट्याच शेतावर ये-जा करत होत्या, प्रत्येक फेरीला माझ्या दारात डोकावत.

गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाल्या, "तुझ्या आजच्या फेऱ्या पन मीच घातल्या. उसन्या हायत."

"सोडून द्या हो आई."

"नाय सोडत."

चाकांची पिशवी त्या बरोबर घेऊन गेल्या.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. आई जोत्याच्या पायऱ्या चढून सरळ आत गेली म्हणे, काठी गाडीतच विसरली. तो मुक्कामाला तिथेच थांबला.

संध्याकाळी मी लॅपटॉप मिटला. घरात कोणी नव्हतं, टीव्हीही बंद होता. सोफ्यापासून निघाले, ओढा ओलांडला, दुकानापाशी थांबले नाही. शेतावर जरा वेळ उभी राहिले... बांध अजून गळतोच आहे. मग मागे फिरले आणि पुढच्या फेरीला लागले.